उचललेला पाय

"…मग चौदाच्या चौदा माणसं निर्दोष होती, असं तुझं म्हणणं?"

"मी कुटं तसं म्हनलो?"

"म्हणजे अपराधी होती?"

"तसंबी न्हाई म्हनलो."

"दोन्हींपैकी एक असलंच पाहिजे, दावल!"

म्हातारे माहूत दावलबाबा हत्तीच्या मागच्या पायाला तेल चोळत होते. त्यांनी हात थांबवला नाही. हत्तीनं मात्र शास्त्रीबुवांकडे एकदा वळून पाहिलं.

मुकुंदशास्त्री टेंबे काशीला नऊ वर्षं राहून आले होते. येताना त्यांनी धर्मशास्त्र आणलं, न्याय आणला आणि एक ताठ मानही आणली. वय सव्वीस. धामणगडच्या राजेसाहेबांनी त्यांना संस्थानच्या न्यायाच्या कामी नेमलं होतं. आरोपीचे कागद वाचायचे, शास्त्रात काय दंड सांगितला आहे ते लिहायचं आणि खाली सही करायची. आरोपीला बघणं हे त्यांच्या कामात नव्हतं. त्यांनी ते कधी केलंही नाही.

धामणगडात फास नव्हता, सूळ नव्हता. मोठ्या अपराध्याला हत्तीच्या पायी देत. मैदानात माणूस आडवा बांधायचा, हत्ती आणायचा आणि जमादारानं हाक द्यायची. तीन हाकांत हत्तीनं पाय दिला तर दंड झाला. नाही दिला तर माणूस सुटला, वर सरकारातून पागोटं. राजेसाहेबांच्या पणजोबांपासूनची ही रीत.

त्यावर कंपनीच्या साहेबाचं पत्र आलं. ही रानटी चाल बंद करा, नाहीतर ती का चालू ठेवावी ते सकारण कळवा.

राजेसाहेब खवळले. म्हणाले, "शास्त्रीबुवा, या दंडाचा असा इतिहास लिहा की साहेबाचं तोंड बंद झालं पाहिजे."

शास्त्रीबुवांनी चाळीस पानं लिहिली. हत्ती म्हणजे साक्षात गणेशाचं रूप. तो पाप्याला ओळखतो, निर्दोषाला पाय लावत नाही. तेव्हा हा दंड माणूस देत नाही, देव देतो. रचना झकास जमली होती, आणि ती जमल्याचं शास्त्रीबुवांच्या चेहऱ्यावर दिसतही होतं.

मग दप्तर चाळताना घोटाळा झाला. गेल्या एकोणीस वर्षांत चौदा माणसं हत्तीच्या पायी दिली होती. त्यांतलं एकही मेलं नव्हतं.

हत्ती ओळखतो म्हणावं, तर चौदा निवाडे खोटे. त्यांतले दोन खुद्द शास्त्रीबुवांचे. हत्ती ओळखत नाही म्हणावं, तर चाळीस पानं पाण्यात.

उरली एकच वाट. माहूत लबाड आहे.

आणि परवा पंधरावा माणूस मैदानात यायचा होता. रायाजी पाथरवट. संस्थानच्या गवताच्या गंजीला आग लागली आणि पहाऱ्यावरचा शिपाई तीत जळून मेला. त्या संध्याकाळी दोघांनी रायाजीला चिलीम ओढत गंजीजवळून जाताना पाहिलं होतं. कागदाखाली सही होती मुकुंदशास्त्री टेंबे यांची.

म्हणून भर दुपारी शास्त्रीबुवा हत्तीच्या पिलखान्यात आले होते. धोतराचा सोगा नाकाला लावून.

"हत्तीला तू अडवतोस," ते म्हणाले.

"न्हाई."

"मग तो पाय का देत नाही?"

"हत्ती आपनहून जित्या जिवावर पाय देतच न्हाई, शास्त्रीबुवा. बगा."

बाबांनी फत्तेमंगळ हत्तीच्या पोटाला दोन बोटं लावली. हत्ती चालू लागला. खाली एक कोंबडी पिल्लं घेऊन दाणे टिपत होती. एक पिल्लू नेमकं पुढच्या पायाखाली आलं. पाय हवेत थबकला, बाजूला सरकला आणि वीतभर पलीकडे टेकला. पिल्लाला पत्ताही लागला नाही.

शास्त्रीबुवा बघत राहिले.

"पण… पूर्वी तर हत्ती माणसं मारत होते. दप्तरात नोंदी आहेत."

"मारत हुते. शिकवल्यावर."

"कसं शिकवतात?"

शास्त्रीबुवांनी ओट्यावर बसून वही उघडली. चाळीस पानांत हे नव्हतं.

"आदी कोहळा," बाबा म्हणाले. "पायाखाली ठिवायचा. फोडला की गूळ. मग कोहळ्याला सदरा घालायचा. मग पेंढ्याचा मानूस करायचा, पोटात कोहळा घालायचा. फोडला की गूळ."

"मग?"

"मग बकरं. बांदलेलं. त्या दिशी हत्तीच्या डोळ्यांतनं पानी येतं."

"रडतो?"

"मी पानी येतं म्हनलो. रडतो का ते तुमी शास्त्रात बगा."

शास्त्रीबुवांनी ते लिहिलं नाही. "मग?"

"मग शिकला. आडवं दिसलं की पाय द्यायचा, येवडं शिकला. माझे उस्ताद हुते, लतीफउस्ताद. जन्मभर हत्तीच्या पायांत झोपले. हत्तीला शिकवल्यावरबी झोपले. हत्तीनं काय कसूर केली? एका राती त्येला पायाशी आडवं दिसलं…"

कोंबडी पिल्लं घेऊन उन्हात निघून गेली.

"आणि हा?" शास्त्रीबुवांनी फत्तेमंगळकडे बोट केलं.

"ह्येला म्या शिकवलंच न्हाई."

"…काय?"

"शिकवलं न्हाई. कोहळाबी न्हाई दावला."

शास्त्रीबुवांनी फत्तेमंगळकडे वर पाहिलं. संस्थानचा दंडाचा हत्ती. दरमहा ज्याच्या नावानं दंडाचा खुराक वेगळा निघतो, तो. त्याला दंडच येत नाही.

"अरे, पण मैदानात तो पाय उचलतो! सगळं गाव बघतं!"

"रोज सकाळी उचलतो. तळवा बगायला. नखात काटा-खडा गेला का, भेग पडली का, ते बगावं लागतं. 'उठा' म्हनलं की पाय उचलायचा, 'रख' म्हनंपतोर वरच धरायचा. येवडंच येतं त्येला."

चौदा वेळा गावानं देवाचा कौल पाहिला होता. बायकांनी हात जोडले होते, भटजींनी मंत्र म्हटले होते. हत्ती बिचारा तळवा दाखवायला उभा होता.

"आणि 'रख' म्हटलं तर?"

"ठिवील."

"खाली माणूस असला तरी?"

"पाय वर आसला की खालचं तो बगत न्हाई. ते वर बसलेल्यानं बगायचं. म्या 'रख' म्हनलं म्हंजी खाली जागा हाय, आसा त्येचा इस्वास."

"म्हणजे एकोणीस वर्षं तू तो शब्द…"

"न्हाई म्हनलो."

शास्त्रीबुवा ताडकन उठले. चाळीस पानं बचावली होती. माहूत लबाड निघाला होता, स्वतःच्या तोंडानं कबूल झाला होता. त्यांना खरं तर आनंद व्हायला हवा होता.

"हा राजद्रोह आहे, दावल. मी सरकारांना सांगणार."

"सांगा."

"तुला त्याच मैदानात आडवा घालतील!"

"घालतील. सांगा. पन परवा मानेवर कोन बसनार, त्येबी इचारून या. मी बसनार न्हाई."

"का? घाबरलास?"

बाबांनी तेलाची वाटी खाली ठेवली. हात पुसले.

"शास्त्रीबुवा, गंजीवर पहारा कुनाचा हुता?"

"एक शिपाई होता."

"नाव?"

शास्त्रीबुवांनी बस्त्यातले कागद काढले. एक उलटला, दुसरा उलटला. पहिला साक्षीदार, दुसरा साक्षीदार, गवताच्या पेंढ्या किती जळाल्या. मग सापडलं. "पहाऱ्यावरील शिपाई एक, मयत."

नाव नव्हतं.

"हसन," बाबा म्हणाले. "माझा थोरला."

…

फत्तेमंगळ सोंडेनं जमिनीवरची धूळ उडवत होता.

"बाबा…" शास्त्रीबुवांच्या तोंडून निघालं. त्यांनी या म्हाताऱ्याला बाबा म्हणायची ही पहिलीच वेळ. "मग तर तुम्हालाच… त्यानं मरावं, असं तुम्हाला वाटत नाही?"

"वाटतं की. सकाळी डोळा उगडला की वाटतं. भाकरी मोडताना वाटतं. सुनेकडं बगितलं की वाटतं. वर बसलो आन् खाली त्यो दिसला, तर माझ्या तोंडातनं 'रख' निगंल. म्हनून न्हाई बसनार."

"पण ते न्यायाचंच होईल! शास्त्रानं सांगितलंय. मी सही केली आहे."

"तुमी इतिहास लिवताय न्हवं? मग आमच्या माहुतांत एक सांगत्यात, ते बी लिवा."

शास्त्रीबुवा पुन्हा बसले. या खेपेला सोगा नाकाला नव्हता.

"पयल्यांदा हत्तीच्या मानेवर राजाच बसायचा," बाबा म्हणाले. "ज्यानं दंड सांगितला, त्येनंच 'रख' म्हनायचं. मग एक राजा खाली उतरला. म्हनला, परधान बसंल. परधान म्हनला, शास्त्री बसंल. शास्त्री म्हनला, मी कागद देतो, माहुतानं बसावं. माहूत म्हनला, मी कुटं काय करतोय, हत्ती करतोय. आन् आता तुमी चाळीस पानं लिवलीत, हत्तीबी न्हाई, देव करतोय."

…

"म्हंजी वर कुनीच न्हाई," बाबा म्हणाले. "आन् खाली मानूस हाय."

त्यांनी खुंटीवरचा अंकुश काढला आणि शास्त्रीबुवांच्या मांडीवर, उघड्या वहीवर ठेवला.

"सही तुमची हाय. तुमी बसा."

शास्त्रीबुवांचा चेहरा लाल झाला. असं कुणी त्यांना काशीतही बोललं नव्हतं.

"बसेन!" ते म्हणाले. "मला काय भीती आहे? बसेन आणि 'रख'ही म्हणेन. तुमच्या मुलासाठी म्हणेन. मग तुमच्या एकोणीस वर्षांचं काय करायचं ते बघू."

बाबांनी तेलाची वाटी पुन्हा उचलली.

दुसऱ्या दिवशी सकाळी शास्त्रीबुवा पिलखान्यात हजर. हत्तीनं नव्या माणसाचं ऐकायचं तर त्याच्या हातचं खाल्लेलं लागतं. बाजरीचे जाडजूड रोट होते, एकेक परातीएवढा. शास्त्रीबुवा गूळ लावून ते हत्तीच्या तोंडात देऊ लागले. पहिल्या रोटाला ते इतके मागे झाले की धोतर शेणात गेलं. चौथ्या रोटाला सोंड त्यांच्या खांद्यावर टेकली. ते हलले नाहीत.

मग बाबांनी त्यांना मानेवर चढवलं.

"उठा!" शास्त्रीबुवा म्हणाले. पाय वर गेला.

"रख!" पाय खाली आला.

त्यांना मजा वाटली. त्यांनी तीनदा करून पाहिलं. एवढा डोंगर आणि दोन अक्षरांत हलतो!

"आनि एक शबुद हाय," खालून बाबा म्हणाले. "पाय वर आसताना…"

"दोन पुरेत," शास्त्रीबुवा म्हणाले. "मला तिसऱ्याचं काम नाही."

बाबांनी मान डोलावली.

सरकारांची परवानगी शास्त्रीबुवांनीच काढली. ज्याची सही तो मानेवर, अशी जुनी रीत सापडली आहे, असं त्यांनी सांगितलं. राजेसाहेब खो खो हसले. "काशीचे पंडित हत्तीवर! बसा, बसा. साहेबाला हेही कळवू."

बाबांच्या कबुलीबद्दल शास्त्रीबुवांनी अजून सांगितलं नव्हतं. दंड झाला की सांगू, असं त्यांनी ठरवलं होतं.

तिसऱ्या दिवशी ऊन चढायच्या आत मैदान भरलं. राजेसाहेब मंडपात बसले, शेजारी प्रधान. एका बाजूला रायाजीची बायको दोन पोरींना पोटाशी धरून उभी होती. ती रडत नव्हती. तिला रडायचं सुचतच नसावं.

रायाजीला आणून आडवं केलं. हातपाय चार खुंट्यांना बांधले. काटक, चाळिशीचा माणूस. भुवयांत दगडाची पांढरी भुकटी अजून तशीच होती.

शास्त्रीबुवा मानेवर. धोतर कासोटा मारून घट्ट, एक हात दोरात, एका हातात अंकुश. दावलबाबा खाली, दहा पावलांवर, हात मागे बांधून.

"उठा!"

आवाज चिरका निघाला, पण हत्तीनं ऐकला. पुढचा उजवा पाय वर गेला आणि रायाजीच्या छातीवर हातभर उंच थांबला.

जमादारानं पहिली हाक दिली. "फत्तेमंगळ! सरकारचा हुकूम! पाय दे!"

शास्त्रीबुवांच्या तोंडात शब्द तयार होता. दोन अक्षरांचा. फक्त पाय नेमका कुठं आहे, एवढं बघून म्हणायचं होतं.

त्यांनी खाली बघितलं.

सही केलेला माणूस त्यांनी पहिल्यांदा पाहिला.

रायाजी त्यांच्याकडे बघत नव्हता. तो पायाकडे बघत होता. तोंडानं काही पुटपुटत होता, देवाचं नाव असेल.

दुसरी हाक आली. "फत्तेमंगळ! सरकारचा हुकूम! पाय दे!"

म्हणायचं आता. शास्त्रीबुवांनी ओठ ओले केले. हसन, त्यांनी मनाशी म्हटलं. बाबांचा थोरला. जळून मेला. म्हणायचं.

"अवं…" खालून आवाज आला. "अवं म्हाराज!"

रायाजी बोलत होता.

"ह्येच्या दोन नखांच्या मदी कपरी रुतलीया बगा. काळ्या दगडाची हाय, धार आसती तिला. टोचत आसंल वो जनावराला."

…

मुकुंदशास्त्र्यांनी दंडावरचे ग्रंथ कोळून प्यायले होते. कोणत्या अपराधाला कोणता दंड, ब्राह्मणाला किती, शूद्राला किती, उन्हाळ्यात कधी, पावसाळ्यात कधी, सगळं पाठ. छातीवर पाय असताना माणूस असं म्हणाला तर काय करायचं, ते एकाही ग्रंथात नव्हतं.

शब्द तोंडातच होता. तो कुठं गेला नव्हता. पण तो बाहेर यायला तयार नव्हता, आणि आता शास्त्रीबुवाही त्याला बाहेर काढायला तयार नव्हते. त्यांना एकदम मोकळं वाटलं. इतकं मोकळं की भीतीच वाटली.

तिसरी हाक झाली.

हाक विरली. लोकांनी श्वास सोडला. रीत पुरी झाली, माणूस सुटला… पण पाय अजून रायाजीच्या छातीवरच होता.

एरवी तिसरी हाक विरायच्या आत हत्ती मागे सरकायचा. आज सरकला नाही. फत्तेमंगळ पन्नाशी उलटलेला हत्ती. इतका वेळ तो पाय वर धरून कधी उभा राहिला नव्हता. पाय थरथरू लागला.

मग शास्त्रीबुवांना कळलं. तिसरा शब्द. जो त्यांनी शिकायचा नाकारला होता, तो.

"मागे!" ते ओरडले. "मागे हो! मागे घे!"

हत्तीनं कान हलवला. पाय चार बोटं खाली आला.

"अपसर!" शास्त्रीबुवा किंचाळले. "पश्चाद् गच्छ!"

फत्तेमंगळला संस्कृत येत नव्हतं.

पाय आणखी खाली आला. रायाजीच्या सदऱ्याला टेकला. रायाजीनं डोळे मिटले. त्याच्या बायकोनं पोरींची तोंडं पदराखाली घेतली. शास्त्रीबुवांनी खाली बघितलं, दावलबाबांकडे. ज्याचा मुलगा जळाला होता, त्या बापाकडे. बाबा जागचे हलले नव्हते. त्यांचे हात मागेच होते, आणि मानेच्या शिरा ताठ झाल्या होत्या. म्हाताऱ्यानं नुसतं गप्प राहायचं होतं. एवढं केलं तरी पुरत होतं. कुणी त्यांना बोल लावला नसता.

बाबांनी तोंड उघडलं.

"पिछूऽऽ!"

मैदान हादरावं असा आवाज. फत्तेमंगळ पाय पुन्हा वर घेऊन तीन पायांवर एक पाऊल मागे सरकला, आणि मोकळ्या जमिनीवर पाय टेकला.

मग नगारा झडला, शिंगं वाजली. हजार माणसं एकदम ओरडली, पागोटी उडाली, बायका एकमेकींच्या गळ्यात पडल्या. दोन शिपायांनी रायाजीच्या दोऱ्या तोडल्या. त्याच्या पोरी सुसाट धावत आल्या आणि त्याला येऊन अशा धडकल्या की तो पुन्हा आडवा झाला. त्याची बायको आता रडली, अगदी मोकळ्या गळ्यानं, आणि रडता रडता हसत सुटली.

रायाजी उठला. पागोटं घ्यायला मंडपाकडे न जाता तो लटपटत हत्तीकडे गेला.

दावलबाबा पुढं झाले. दोघं समोरासमोर आले.

नगारा थांबला. हसन कुणाचा मुलगा, ते गावाला ठाऊक होतं. सहीच्या कागदालाच तेवढं ठाऊक नव्हतं.

"बाबा," रायाजी म्हणाला, "चिलीम वढली मी. ठिनगी माझीच हुती का, देवाशपत मला ठावं न्हाई…"

बाबांनी त्याच्याकडे बघितलं. मग हत्तीच्या पायाला हात लावला.

"उठा."

पाय वर गेला. बाबांनी तो खालून धरला. रायाजी वाकला, पाथरवटाच्या दोन बोटांनी नखांमधली कपरी चिमटीत धरली आणि ओढून काढली. काळी, बोटाएवढी. हत्तीनं लांब श्वास सोडला.

"रख," बाबा म्हणाले.

आणि तिथंच, सगळ्या गावासमोर, ते धाय मोकलून रडले. रायाजीही रडला. मघाशी ओरडणारी कितीतरी माणसं डोळे पुसत होती.

राजेसाहेब मंडपातून पुढं आले. खुशीत होते. "शास्त्रीबुवा! हत्तीनं ओळखलं म्हणायचं! लिहा, हेही लिहा. साहेबाला चांगलीच चपराक!"

शास्त्रीबुवा अजून मानेवरच होते. तिथून त्यांना सगळं मैदान दिसत होतं.

"नाही, सरकार," ते म्हणाले. "हत्ती काही ओळखत नाही. वर बसलेला सांगेल तिथं तो पाय ठेवतो. सही मी केली होती, म्हणून सांगायचं मला होतं. मला सांगवलं नाही."

"मग तुमचा इतिहास?"

"त्यात एकच कलम ठेवावं. ज्याची सही, तो मानेवर. तसा हुकूम व्हावा."

राजेसाहेबांनी प्रधानांकडे पाहिलं. प्रधान जमिनीकडे पाहू लागले. राजेसाहेब काही वेळ मिशीवरून हात फिरवत राहिले. मग त्यांनी हत्तीकडे, त्याच्या पायाशी बसलेल्या त्या दोघांकडे पाहिलं.

"हुकूम," ते म्हणाले.

साहेबाला चाळीस पानांऐवजी चार ओळी गेल्या. संस्थान त्यानंतर बावीस वर्षं टिकलं. दंडाचे कागद येत राहिले, शास्त्रातला आधारही लिहून येत राहिला. सहीची जागा मात्र प्रत्येक कागदावर कोरी राहिली. धामणगडात हत्तीच्या पायी देण्याचा इतिहास त्या दिवशी संपला. आधीच्या चौदा जणांबद्दल मुकुंदशास्त्री मरेपर्यंत कुणाजवळ बोलले नाहीत.

त्याच दुपारी ते पिलखान्यात आले. पायात वहाणा नव्हत्या. दावलबाबा हत्तीच्या नखाला हळद-तेल लावत होते. शास्त्रीबुवांनी त्यांच्यासमोर जमिनीवर डोकं टेकलं. बाबांनी घाईघाईनं पाय ओढून घेतले.

"आवं, काय करताय? उठा."

फत्तेमंगळनं पाय उचलला.

दोघांनाही हसू फुटलं.

"बाबा, एक विचारू?"

"इचारा."

"तुम्ही म्हणाला होता, तो खाली दिसला तर तुमच्या तोंडातून 'रख' निघेल. तुमचा मुलगा गेला होता. नुसतं गप्प राहिला असता तरी… मग 'पिछू' कसं निघालं?"

दावलबाबांनी हत्तीचा पाय हलकेच खाली टेकवला. मग त्यांच्या सुरकुतलेल्या चेहऱ्यावर हसू पसरलं, डोळे भरलेले असतानाच.

"तोंड म्या 'रख' म्हनायलाच उगडलं हुतं, शास्त्रीबुवा."